पटाशीला धार : चाक, जिग आणि दगड

बोहरी आळीतून नवी पटाशी आणावी, वेष्टन काढून थेट सागवानाच्या फळीत खाच पाडायला बसावं, आणि लाकूड कापलं जाण्याऐवजी चेंगरावं, हा नव्या माणसाचा ठरलेला अनुभव असतो. मग पटाशी वाईट निघाली असं वाटतं, नाहीतर आपल्या हातातच कला नाही असं. खरं तर दोन्हीकडे दोष नसतो. कारखान्यातून येणारी पटाशी फक्त आकाराला आणलेली असते. तिला कामाची धार घेणाऱ्यानेच लावायची, हे त्या धंद्यात गृहीत धरलेलं आहे. दुकानदार ते सांगत नाही, कारण त्याचं बहुतेक गिऱ्हाईक सुतारच असतं आणि सुताराला हे सांगावं लागत नाही.

हा लेख ज्यांना कुणी सांगितलेलं नाही अशांसाठी आहे. पुण्यात फ्लॅटच्या गॅलरीत किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात सुट्टीच्या दिवशी लाकूडकाम करणारे आता बरेच आहेत. त्यांच्याकडे यंत्रं चांगली असतात, लाकूड चांगलं असतं, पण पटाशी बोथट असते. बोथट पटाशीला जोर जास्त लावावा लागतो आणि जोर लावलेली पटाशी सटकली की हातात शिरते. म्हणून सांधे शिकण्याआधी धार शिका.

धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे मिळतात ती रेघ. पटाशीची सपाट बाजू म्हणजे पाठ, आणि तासलेली तिरकी बाजू म्हणजे उतार. दोन्ही गुळगुळीत असतील आणि मधे काहीही न उरता एकमेकांना भिडत असतील, तर पटाशी धारदार. यातली एक बाजू कितीही चमकवली आणि दुसरी खरबरीत ठेवली तर धार खरबरीतच राहते. ग्राइंडर, म्हणजे फिरत्या घासचाकाचं यंत्र, या सगळ्यात एकच काम करतो, उताराला आकार देतो. धार ग्राइंडरवर लागत नाही, ती दगडावर लागते. नवशिक्यांचे बहुतेक घोटाळे या एका गैरसमजातून होतात, म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीला हे लक्षात असू द्या.

काय आणायचं

सुरुवातीला तीन पटाश्या पुरेत: ६, १२ आणि २५ मिलिमीटर. दुकानात अजून पाव, अर्धा आणि एक इंच असंच म्हणतात. मोठा स्वस्त संच घेण्यापेक्षा त्याच पैशात तीन बऱ्या पटाश्या घ्या. रविवार पेठेत बोहरी आळीत चार दुकानं फिरून हातात घेऊन बघता येतं, हा पुण्यात राहण्याचा फायदा आहे, तो सोडू नका. सोबत स्टीलची फूटपट्टी न्या. पाठीवर पट्टी उभी धरून उजेडाकडे बघा. मधून किंचित प्रकाश येत असेल, म्हणजे पाठ जराशी खोलगट असेल, तर चालेल. पट्टी मधोमध टेकून दोन्ही टोकांना डुलत असेल, म्हणजे पाठीला पोट आलेलं असेल, तर ती पटाशी परत ठेवा. पोट आलेली पाठ सपाट करण्यात तुमचा आठवडा जाईल.

बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात जुन्या पटाश्याही मिळतात आणि त्यांचं पोलाद अनेकदा उत्तम असतं. मूठ तुटलेली असली तरी हरकत नाही, मूठ नवी बसवता येते. बघायचं ते पाठीवर. धारेजवळच्या इंचभर भागात गंजाने खड्डे पाडले असतील तर घेऊ नका. वरवरचा तांबूस गंज घासून निघतो, खड्डे निघत नाहीत. तो खड्डा घासत घासत धारेपर्यंत आला की तिथे धारेला दात पडतो.

ग्राइंडर सहा इंची, दोन चाकांचा बेंच ग्राइंडर घ्या. त्यासोबत येणारी करडी चाकं कठीण असतात आणि लोखंडकामासाठी योग्य असतात, पटाशीच्या पोलादाला ती फार लवकर तापवतात. एका बाजूचं चाक काढून तिथे पांढरं ॲल्युमिनियम ऑक्साइडचं चाक बसवा, ६० नंबरचं (नंबर जितका मोठा तितके कण बारीक), मऊ प्रतीचं. प्रत जे किंवा के अक्षराने लिहिलेली असते. मऊ चाकाचे बोथट झालेले कण लवकर गळून नवे कण वर येतात, त्यामुळे ते घासतं कमी आणि कापतं जास्त, आणि पातं थंड राहतं. हिरवं चाक घेऊ नका, ते कार्बाइडच्या हत्यारांसाठी असतं. चाक आणायला जाताना जुन्या चाकाचा व्यास, जाडी आणि मधल्या भोकाचा व्यास लिहून न्या. भोकाचे माप सगळ्या ग्राइंडरना सारखं नसतं.

ग्राइंडर नसेल तर अडून बसू नका. नवी पटाशी असेल आणि धारेला मोठा खांडवा, म्हणजे धार तुटून पडलेली खाच, नसेल, तर पहिले कित्येक महिने ग्राइंडरची गरज लागत नाही. जाड काचेवर ८० नंबरचा घासायचा पेपर (सँडपेपर) चिकटवून तेच काम होतं, फक्त वेळ लागतो.

पटाशी दगडावर ठरलेल्या कोनात धरण्यासाठी जिग, म्हणजे पातं पकडून ठेवणारा साचा, हवा. बाजारात सगळ्यात जास्त दिसते ती दोन्ही बाजूंनी पात्याला चिमटीत धरणारी, खाली एक छोटं चाक असलेली जिग. शेफिल्डच्या जेम्स नील कंपनीने ‘एक्लिप्स’ नावाने ती प्रसिद्ध केली, आणि आज तिच्या नकला स्वस्तात मिळतात. नकलेत बसवायच्या खाचेत रंगाचे आणि ओतकामाचे गोळे राहिलेले असतात. बारीक कानशीने ते साफ करा, नाहीतर पातं तिरकं बसतं आणि दोष तुम्ही दगडाला देत राहता.

दगडासाठी तीन मार्ग आहेत. सुतारांकडे असतो तो एका बाजूला जाडा आणि दुसऱ्या बाजूला बारीक असा तेलाचा दगड. हिऱ्याची पूड बसवलेली पोलादी पट्टी. किंवा काचेवर वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून वापरायचा सँडपेपर. नव्या माणसाला मी वॉटर पेपर सुचवेन. काच किमान ८ मिलिमीटर जाड, कडा घासलेली, साधारण एक फूट लांब. कोणत्याही काचवाल्याकडे कापाकापीतून उरलेला तुकडा मिळतो. त्यावर २२०, ४००, १००० आणि २००० नंबरचे पेपर पाण्याने चिकटवायचे. हे दीर्घकाळात महाग पडतं, कारण पेपर झिजतात. पण काच कधी खोलगट होत नाही, आणि शिकताना एक चिंता कमी असणं फार मोलाचं आहे.

आधी पाठ

हे काम कंटाळवाणं आहे आणि प्रत्येक पटाशीला एकदाच करायचं आहे. ते टाळून पुढे गेलात तर पुढचं सगळं वाया जातं.

पूर्ण पाठ सपाट करायची गरज नाही. धारेपासूनचा इंचभर भाग पुरे. पाठीवर त्या भागात मार्कर पेनने शाई फासा. २२० नंबरच्या पेपरवर पाणी शिंपडून पाठ पूर्ण टेकवा, दोन बोटांनी धारेजवळ दाबा आणि आडवी मागे-पुढे घासा. मूठ काचेच्या बाहेर राहील. दुसऱ्या हाताने मूठ फक्त धरायची, उचलायची नाही. एकदा जरी मूठ वर उचलली गेली तरी धारेच्या कडेला पाठीकडून गोलाई येते आणि ती घालवायला पुन्हा सगळी पाठ घासावी लागते.

दहा-बारा फेऱ्यांनंतर पुसून बघा. शाई कुठे राहिली आहे ते दिसेल. बहुधा मधे राहते, किंवा एका कोपऱ्यावर. कोपऱ्यावरची शाई जाईपर्यंत घासा, कारण तो कोपराही धारेचा भाग आहे. मधे धारेपासून लांब थोडी शाई राहिली तर चालेल. सगळीकडे एकसारखे ओरखडे दिसू लागले की ४००, मग १०००, मग २०००. प्रत्येक पेपरवर आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत थांबा, आणि पेपर बदलताना पटाशी आणि काच दोन्ही धुवा. जाड पेपरचा एक कण बारीक पेपरवर आला तर पुन्हा तोच ओरखडा पडतो. शेवटी पाठीत ट्यूबलाइटची रेघ स्पष्ट दिसली पाहिजे. पाठ झाली की ती परत कधीही २२० वर न्यायची नाही.

किती कोन ठेवायचा

लहान कोनाची धार लाकडात सहज शिरते पण लवकर तुटते. मोठ्या कोनाची टिकते पण जोर मागते. हाताने तासायच्या पटाशीला २५ अंश चालतात, मोगरीने ठोकायच्या पटाशीला ३० हवेत, आणि खोल खाच पाडायची जाड पटाशी ३५ पर्यंत न्यावी. नव्या माणसाने सरसकट एकच करावं: चाकावर २५ अंशांचा उतार, आणि दगडावर त्याच्या टोकाशी ३० अंशांची अरुंद पट्टी. या व्यवस्थेत दगडावर फक्त टोकाचं थोडं पोलाद घासावं लागतं, म्हणून धार लावायला दोन-तीन मिनिटं पुरतात. सगळा उतार दगडावर घासत बसणारा माणूस काही दिवसांत धार लावणंच सोडून देतो.

कोन मोजायला कंपासपेटीतला कोनमापक घ्या आणि जाड पुठ्ठ्यात २५ आणि ३० अंशांच्या खाचा कापा. पटाशी त्यात घालून उजेडाकडे धरली की फट दिसते. दुसरी सोपी पद्धत मापाची आहे. ३० अंशांच्या उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या बरोबर दुप्पट असते, २५ अंशांची सुमारे २.४ पट. म्हणजे पातं ४ मिलिमीटर जाड असेल तर उतार ३० अंशांना ८ मिलिमीटर आणि २५ अंशांना साडेनऊ मिलिमीटर भरतो. फूटपट्टीने एवढं मोजता आलं की पुरे.

चाक सुरू करण्यापूर्वी

दोन पोल असलेली मोटर आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर मिनिटाला २,८०० ते २,९०० फेरे घेते. सहा इंची चाकाचा काठ त्या वेगाने सेकंदाला बावीस मीटरच्या आसपास धावत असतो. तडा गेलेलं चाक या वेगात फुटतं, आणि त्याचे तुकडे तोंडाकडेच येतात. त्यामुळे इथे घाई नको.

नवं चाक बसवण्यापूर्वी मधल्या भोकात बोट घालून अधांतरी धरा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच वाजवा. खणखणीत आवाज आला तर चाक चांगलं. बद्द आवाज आला तर तडा आहे, ते चाक फेकून द्या. चाकावर छापलेला कमाल वेग ग्राइंडरच्या वेगापेक्षा जास्त आहे ना ते वाचा. दोन्ही बाजूंच्या कागदी चकत्या काढू नका. नट ताठ करा, पण पान्यावर लोंबकळू नका. रेस्ट (चाकासमोरची, पटाशी टेकवायची पट्टी) आणि चाक यांच्यात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट ठेवू नका, नाहीतर पटाशीचं टोक त्यात खेचलं जातं. पहिल्यांदा सुरू करताना चाकाच्या समोर उभं न राहता बाजूला उभं राहा आणि मिनिटभर रिकामं फिरू द्या.

चष्मा घातलेला असला तरी वरून गॉगल लावा. हातमोजे घालू नका, चाकात अडकतात. ओढणी, सैल बाही, मोकळे केस, गळ्यातला धागा हे सगळं आधी आवरा. ग्राइंडरखाली लाकडाचा भुसा साठू देऊ नका. ठिणग्या लगेच विझलेल्या दिसतात, पण भुशात पडलेली ठिणगी तास-दोन तास धुमसू शकते. गॅलरीत काम करत असाल तर वाळत घातलेले कपडे आधी आत घ्या, आणि शेजाऱ्यांना त्रास होणार नाही अशी वेळ निवडा.

चाकाचा काठ गुळगुळीत किंवा काळपट झाला असेल तर ड्रेसरने, म्हणजे चाकाचा काठ खरवडायच्या हत्याराने, घासून नवे कण वर आणा. ड्रेस करताना काठाला मधे अगदी किंचित फुगवटा ठेवला तर पटाशी एका वेळी थोड्याच जागेवर टेकते आणि कमी तापते. पांढऱ्या चाकावर ॲल्युमिनियम, पितळ किंवा लाकूड कधी घासू नका. त्याचे कण चाकाच्या छिद्रांत बसतात, मग चाक कापत नाही, नुसतं तापवतं. चाकाच्या चपट्या बाजूवरही घासू नका, ते चाक बाजूने येणाऱ्या दाबासाठी बनवलेलं नसतं.

चाकावर पटाशी

ग्राइंडर बंद असतानाच कोन लावून घ्यायचा. पटाशीच्या उतारावर मार्करने शाई लावा, उतार खाली करून पटाशी रेस्टवर ठेवा, टोक चाकाला टेकवा आणि हाताने चाक थोडं फिरवा. शाई कुठे खरवडली ते बघा. धारेकडे खरवडली तर कोन मोठा होतोय, मागच्या टाचेकडे खरवडली तर लहान. बरोबर मधे खरवडेपर्यंत रेस्ट हलवा. ही युक्ती कोनमापकापेक्षा भरवशाची आहे, कारण ती चाक झिजून लहान झालं तरी चालते.

आता पटाशी दर वेळी त्याच जागी यावी यासाठी एक साधी जिग करा. हातभर लाकडातून २ सेंटिमीटर रुंद, १० सेंटिमीटर लांब अशा दोन पट्ट्या कापा. एक पटाशीच्या वर, एक खाली, पात्याला गुण्याने काटकोनात लावून दोन्ही टोकांना बोल्टने आवळा. खालची पट्टी रेस्टच्या पुढच्या कडेला टेकते. पटाशी उचलून पाण्यात बुडवून परत ठेवली तरी कोन आणि अंतर तेच राहतं, आणि डावी-उजवीकडे सरकवताना धार काटकोनातच घासली जाते. पुढे हात बसला की पट्टीच्या जागी नुसती तर्जनी रेस्टच्या कडेला टेकवून चालतं. पण आधी पट्टीच वापरा.

शेजारी पाण्याचा मग ठेवा. चाक सुरू करून पूर्ण वेगात येऊ द्या. पटाशी रेस्टवर ठेवून हलक्या हाताने चाकाला भिडवा आणि लगेच एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकवा. एका जागी थांबायचं नाही. एक-दोन फेऱ्या झाल्या की बाहेर काढा, बघा, पाण्यात बुडवा. डाव्या हाताचं बोट धारेपासून साधारण सेंटिमीटरभर मागे पात्यावर ठेवा. बोटाला गरम लागलं की पटाशी बाहेर.

तापण्याची भीती खरी आहे. पटाशीचं पोलाद कारखान्यात कडक करून मग साधारण दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून चिवट केलेलं असतं. चाकावर ते त्याहून जास्त तापलं की त्याचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो. रंगावरून कळतं: सुमारे २२० ते २३० अंशांना फिकट पिवळा, अडीचशेच्या पुढे तपकिरी, मग जांभळा आणि तीनशेच्या आसपास निळा. पिवळ्यावर थांबलात तर फारसं बिघडलेलं नसतं. निळी पडलेली जागा मऊ झाली. ती पाण्यात बुडवून कडक होत नाही, आणि घासून रंग गेला म्हणजे पोलाद सुधारलं असंही होत नाही. निळा भाग संपेपर्यंत, थंड ठेवत, पूर्ण घासून टाकणं एवढा एकच उपाय आहे. सगळ्यात लवकर तापतं ते धारेचं टोक, कारण तिथे पोलाद सर्वांत पातळ असतं आणि उष्णतेला पळायला जागा नसते.

म्हणूनच चाकावर धारेपर्यंत जायचंच नाही. चाकाची घासलेली जागा धारेकडे सरकत सरकत अर्ध्या मिलिमीटरवर आली की थांबा. उरलेली अरुंद पट्टी दगडासाठी. धारेला खांडवा असेल तर क्रम उलटा करा: आधी रेस्ट आडवा करून पटाशी चाकाला काटकोनात धरा आणि खांडवा जाईपर्यंत टोक बोथट घासून सरळ करा, गुण्याने तपासा, आणि मगच कोन लावून उतार घासा. बोथट टोकाला पोलाद जाड असल्याने ते कमी तापतं, त्यामुळे हा मार्ग लांबचा वाटला तरी सुरक्षित आहे.

चाक गोल असल्याने उतार किंचित खोलगट येतो. साडेनऊ मिलिमीटरच्या उतारात ही खोली सुमारे ०.१५ मिलिमीटर असते, त्याने धार कमकुवत होत नाही.

जिगमध्ये पटाशी बसवणं

दगडावरचा कोन पातं जिगच्या बाहेर किती काढलं यावर ठरतो. एक्लिप्स पद्धतीच्या जिगवर पटाशीसाठी ३० मिलिमीटर बाहेर काढलं की ३० अंश आणि ४० मिलिमीटरला २५ अंश येतात. रंध्याचं पातं जिगमध्ये वरच्या बाजूला बसतं, त्याला ३८ आणि ५० मिलिमीटर लागतात. नकलांमध्ये थोडा फरक पडतो, म्हणून पहिल्यांदा पुठ्ठ्याच्या खाचेवर पडताळा. मग फळीच्या कडेपासून मोजून एक लाकडी ठोकळा चिकटवून टाका. जिग फळीच्या कडेला टेकवायची, पटाशीचं टोक ठोकळ्याला भिडवायचं, आवळायचं. कोन अमुक अंशांचा आहे यापेक्षा तो दर वेळी तोच येतो, याला जास्त महत्त्व आहे. कोन बदलत राहिला तर दर वेळी नवा उतार घासावा लागतो.

जिग बोटांनी आवळून पुरत नाही, शेवटचा पाव फेरा स्क्रूड्रायव्हरने द्या. मग गुण्या लावून धार जिगला समांतर आहे ना ते बघा. ६ मिलिमीटरची पटाशी जिगमध्ये तिरकी बसायला फार उत्सुक असते, आणि दगडावर तिला एका कोपऱ्यावर झुकायलाही वेळ लागत नाही. तिला दोन्ही तर्जन्या अगदी टोकाजवळ ठेवून कमी दाबाने चालवा.

दगडावर

चाकावरून आलेली पटाशी ४०० वर सुरू करा. पेपरवर पाणी शिंपडा. दोन्ही हातांच्या तर्जन्या धारेमागे, अंगठे जिगच्या मागे. दाब फक्त आपल्याकडे ओढताना द्यायचा. पुढे ढकलताना दाब दिला तर धार पेपरात रुतून तो फाटतो. तेलाच्या दगडावर हा प्रश्न नाही, तिथे दोन्ही दिशांना घासता येतं, मात्र दगडाची सगळी लांबी-रुंदी वापरा, नाहीतर मधे खळगा पडतो.

पाच-सहा ओढींनंतर जिग उलटी करून बघा. धारेला चिकटून एक अरुंद चमकती पट्टी दिसू लागलेली असेल. ती एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे नाहीशी होत असेल तर अरुंद बाजूच्या बोटाचा दाब वाढवा.

आता सगळ्यात महत्त्वाची खूण. उतार धारेपर्यंत घासला गेला की पोलादाची अत्यंत पातळ कड पाठीकडे वळते. वर्कशॉपमध्ये तिला बर म्हणतात. पाठीवर बोट धारेच्या दिशेने, धारेबाहेर सरकवा. धारेच्या लांबीवर, म्हणजे तिला समांतर, बोट कधी फिरवायचं नाही. बोटाला हलकासा अडथळा लागला की बर आली. ती एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सलग लागली पाहिजे. जिथे बर नाही तिथे तुम्ही अजून धारेपर्यंत पोहोचलेला नाही, आणि तिथे पुढचा बारीक पेपर कितीही घासला तरी जुनी बोथट कडच चमकत राहणार. बर आल्याशिवाय पुढच्या पेपरवर जायचं नाही. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

बर मिळाली की पाणी पुसा, १००० वर दहा-पंधरा ओढी, मग २००० वर तितक्याच. इथे दाब कमी करत न्या, शेवटच्या ओढी नुसत्या जिगच्या वजनाने. मग पटाशी जिगमधून काढा, पाठ २००० च्या पेपरवर पूर्ण सपाट टेकवा आणि चार-पाच वेळा घासा. बर उलट्या बाजूला वळते. पुन्हा उतारावर दोन हलक्या ओढी, पुन्हा पाठ. असं दोन-तीनदा केलं की ती गळून पडते.

राहिलेली शेवटची कुसळं चामड्यावर जातात. जुन्या जाड पट्ट्याचा तुकडा खरखरीत बाजू वर करून फळीवर चिकटवा, त्यावर बफिंगसाठी मिळणारी हिरवी वडी घासा, आणि पटाशी फक्त मागे ओढा, पाठ आणि उतार आळीपाळीने, आठ-दहा वेळा. चामड्यावर जोर देऊ नका. ते दबतं आणि धारेला गुंडाळतं, त्यामुळे जास्त घासून धार गोल होते.

लागली का धार?

हातावरचे केस कापून बघायची पद्धत प्रसिद्ध आहे, पण शिल्लक राहिलेली बरही केस कापते आणि लाकडावर पहिल्या घावात मोडते. त्यापेक्षा ट्यूबलाइटखाली धार डोळ्यांसमोर सरळ धरा. बोथट जागा पांढरी रेघ किंवा ठिपका बनून चमकते. खरी धार दिसतच नाही.

खरी परीक्षा लाकडावर, आणि तीही मऊ लाकडाच्या आडव्या कापावर, म्हणजे जिथे तंतू आडवे कापले गेलेत त्या टोकावर. औद्योगिक भागात पॅकिंगच्या पेट्यांची पाइन सहज मिळते, तिचा तुकडा ठेवा. हाताच्या जोराने पातळ कातरण काढा. कापलेली जागा गुळगुळीत आणि किंचित चमकदार दिसली तर पटाशी तयार. पांढुरकी, भुरभुरीत, तंतू चेंगरलेली दिसली तर नाही. कापावर उभी रेघ उमटत असेल तर धारेला त्या जागी बारीक खांडवा आहे. सागवानावर ही परीक्षा घेऊ नका. सागवान इतकं गुणी लाकूड आहे की मध्यम धारेलाही साफ कापून देतं.

धार लागूनही लगेच कण कण तुटत असेल तर दोन कारणं शक्य आहेत. कोन फार लहान झाला असेल; तर जिगमध्ये पातं दोन-तीन मिलिमीटर आत घ्या. किंवा टोकाचं पोलाद बिघडलेलं असेल. नव्या पटाश्यांत कारखान्यातल्या घासाईने टोक तापलेलं असू शकतं, एक-दोन मिलिमीटर घासून गेल्यावर आतलं पोलाद चांगलं लागतं. म्हणून नवी पटाशी पहिल्या दोन-तीन धारांवरून नाकारू नका. धार मोडण्याऐवजी मुडपत असेल तर पाणी उतरलं असण्याची शक्यता जास्त.

पुढे

काम करताना पटाशी बोथट वाटली की लगेच २००० वर दहा ओढी आणि चामडं. पूर्ण बोथट होईपर्यंत ताणू नका. सागवानात नैसर्गिक सिलिका असते, ती धार हळूहळू खाते. प्लायवुडमधला डिंक तर फार लवकर खातो, त्याच्यासाठी एक वेगळी जुनी पटाशी ठेवा. दर धारेला ३० अंशांची पट्टी थोडी रुंदावत जाते. ती उताराच्या निम्म्यापर्यंत आली आणि दगडावर वेळ लागू लागला की पुन्हा चाकाकडे जा, आणि पुन्हा अर्ध्या मिलिमीटरवर थांबा.

तेलाचा दगड वापरत असाल तर त्यावर पेन्सिलने चौकटी आखून काचेवरच्या १२० च्या पेपरवर घासा. सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट. हे अधूनमधून करा, कारण खळगा पडलेल्या दगडावर पाठ सपाट राहत नाही.

पुण्यात जून ते सप्टेंबर पटाश्यांना गंज चढतो, विशेषतः ओल्या पेपरवर धार लावून पुसायच्या राहिल्या तर. धार लावल्यावर कोरडी पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. खोबरेल लावू नका, ते कालांतराने चिकट होतं आणि थंडीत थिजतं. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. धारेवर प्लास्टिकची टोपी घाला, नाहीतर लाकडी फळीत खाचा पाडून पटाश्या अशा उभ्या ठेवा की धारा एकमेकींना लागणार नाहीत.